विश्लेषण : गांजाबंदी कुणी आणली आणि सूट कुणाला मिळाली? हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांची गोष्ट

५ नोव्हेंबर २०२४. अमेरिकेत त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निवडला जात होता. त्या गदारोळात फ्लोरिडा राज्याच्या मतपत्रिकेवरच्या आणखी एका प्रश्नाकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २१ वर्षं पूर्ण केलेल्यांना गांजा विकत घ्यायची आणि जवळ बाळगायची मुभा द्यावी का, असा तो प्रश्न होता. जवळपास ५६ टक्के मतदारांनी हो म्हटलं. तरीही प्रस्ताव पडला, कारण फ्लोरिडाची राज्यघटना बदलायला ६० टक्के मतं लागतात.

गंमत म्हणजे, गांजा शरीराला किती वाईट, एवढ्यावरच हा प्रचार थांबला नाही. 'ट्रुलीव्ह' ही राज्यातली वैद्यकीय गांजाची सर्वात मोठी विक्रेती कंपनी. या प्रस्तावाच्या प्रचारासाठी एकट्या ट्रुलीव्हने १० कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले. घरी चार रोपं लावायची परवानगी मात्र प्रस्तावात नव्हती. मग विरोधकांनी विचारायला सुरुवात केली, की हे स्वातंत्र्य लोकांना मिळतंय की एका कंपनीला? गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्यासारख्या बंदी हवी असलेल्या नेत्यांनीही मक्तेदारीचा हा मुद्दा उचलून धरला.

हा वाद समजून घ्यायचा तर जवळपास ९० वर्षं मागे जावं लागतं. गांजावरच्या पहिल्या केंद्रीय कायद्याआधी कुठलंही मतदान झालं नव्हतं. लोकांसमोर होत्या त्या वर्तमानपत्रातल्या बातम्या. कायद्यातून कुणाला सोडायचं, हे समितीच्या खोलीत ठरलं होतं. या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस होता, हॅरी जेकब अ‍ॅन्सलिंगर.

रेल्वेतला पोरगा

अ‍ॅन्सलिंगर यांचा जन्म २० मे १८९२ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या अल्टूना गावी झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, आई जर्मन. अल्टूना म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचं गाव. आपल्याकडे एकेकाळी परळ म्हटलं की गिरणी, तसं अल्टूना म्हटलं की रेल्वे. वडील रेल्वेत होते, मुलगाही तिथेच चिकटला.

लहानपणीचा एक प्रसंग त्यांनी पुढे पुस्तकात लिहून ठेवला आहे. ते १२ वर्षांचे असताना शेजारच्या घरातून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू आल्या. तिला मॉर्फिनचं व्यसन होतं. तिच्या नवऱ्याने या मुलालाच घोडागाडी देऊन औषधाच्या दुकानात पिटाळलं. दुकानदाराने काही न विचारता १२ वर्षांच्या मुलाच्या हातात मॉर्फिन ठेवलं. त्या किंकाळ्या आपण कधी विसरलो नाही, असं अ‍ॅन्सलिंगर सांगत. ही आठवण त्यांनी म्हातारपणी लिहिली आहे, त्यामुळे तिला थोडी झिलई चढली असणार. पण त्या काळात अमेरिकेत अशी औषधं सहज मिळत, हे खरं आहे.

नोकरी करता करता त्यांनी पेन स्टेट कॉलेजमध्ये अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. (अभियांत्रिकी शिकून भलत्याच खात्यात जाणं ही काही फक्त आपल्याकडची परंपरा नाही.) मग रेल्वेसाठी तपासनीस म्हणून काम, पहिल्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये नोकरी आणि तिथून परराष्ट्र खातं. हेग, हॅम्बुर्ग, व्हेनेझुएला आणि बहामा असा प्रवास झाला.

बहामात त्यांचं नशीब फळफळलं. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती आणि बहामातून जहाजं भरभरून दारू येत होती. जहाजांच्या नोंदी ठेवायला अ‍ॅन्सलिंगर यांनी ब्रिटिशांना राजी केलं. वॉशिंग्टनने ते हेरलं आणि १९२६ मध्ये त्यांना अर्थ खात्याच्या दारूबंदी विभागात घेतलं. तिथे त्यांचं मत असं बनलं, की फक्त विकणाऱ्याला पकडून भागत नाही, विकत घेणाऱ्यालाही तुरुंगात टाकलं पाहिजे. दारूच्या बाबतीत हे कुणी मनावर घेतलं नाही. गांजाच्या बाबतीत पुढे तेच झालं.

एकाच कायद्यात एक खातं आणि एक सूट

१४ जून १९३० रोजी एक कायदा झाला आणि त्यातून 'फेडरल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स' हे अमली पदार्थविरोधी खातं उभं राहिलं. प्रमुख म्हणून ३८ वर्षांच्या अ‍ॅन्सलिंगर यांची नेमणूक झाली. पुढची ३२ वर्षं, पाच राष्ट्राध्यक्षांच्या काळात, ते त्याच खुर्चीवर राहिले.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ज्या कोका पानांपासून कोकेन बनतं, ती पानं जादा प्रमाणात आयात करायला या कलमाने परवानगी दिली. अट एवढीच, की त्यातला अमली भाग काढून टाकायचा आणि उरलेला अर्क फक्त चवीसाठी वापरायचा. न्यू जर्सीतली मेवूड केमिकल वर्क्स ही कंपनी हे काम करायची आणि तिचं गिऱ्हाईक होतं कोका-कोला. कोका-कोलाचे उपाध्यक्ष राल्फ हेस आणि अ‍ॅन्सलिंगर यांच्यात वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, हे इतिहासकारांनी पुढे सरकारी दप्तरांतून शोधून काढलं.

म्हणजे कोका पानाला देशाची दारं बंद होती, पण एक खिडकी उघडी होती. तिच्या किल्ल्या अ‍ॅन्सलिंगर यांच्या खात्याकडे होत्या. ही खिडकी पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही गेली. चवीच्या अर्कासाठी कोका पानांना मुभा देणारं २७ वं कलम त्या करारात आजही आहे.

मराठीत 'मक्तेदारी' हा शब्द 'मक्ता' वरून आला. मक्ता म्हणजे सरकारने ठरावीक अटींवर एखाद्याला दिलेला हक्क. इंग्रजी शब्दात बाजार दिसतो, आपल्या शब्दात सरकार दिसतं. या गोष्टीपुरता तरी आपला शब्द जास्त नेमका आहे.

कात्रणांची फाइल

सुरुवातीची काही वर्षं अ‍ॅन्सलिंगर यांना गांजात फारसा रस नव्हता. अफू आणि कोकेन हे त्यांचे शत्रू होते. गांजा नैर्ऋत्येकडच्या राज्यांत, मुख्यतः मेक्सिकन मजुरांमध्ये ओढला जातो आणि तो त्या त्या राज्यांनी बघावा, अशी भूमिका होती.

मग भूमिका का बदलली? यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काहींच्या मते महामंदीत खात्याचं बजेट कापलं गेलं होतं, १९३३ मध्ये दारूबंदीही उठली आणि खात्याला नवं काम हवं होतं. दुसरे म्हणतात, की राज्यांमधले पोलीस आणि राजकारणीच वॉशिंग्टनवर दबाव आणत होते. मला दोन्हीत तथ्य वाटतं. सरकारी खात्याला काम हवं असतं आणि लोकांना कुणावर तरी राग काढायचा असतो.

अ‍ॅन्सलिंगर यांच्या कार्यालयात एक फाइल तयार होऊ लागली. तिला पुढे 'गोअर फाइल' म्हणजे रक्तरंजित फाइल असं नाव पडलं. देशभरातल्या भीषण गुन्ह्यांची त्यात नोंद होती आणि प्रत्येक गुन्ह्यामागे गांजा असल्याचा दावा होता. आरोपी बहुतेक वेळा कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन दाखवलेले असत. अ‍ॅन्सलिंगर यांची नजरही तशीच होती. १९३४ मध्ये त्यांनी एका खबऱ्याचं वर्णन करताना अधिकृत पत्रकात कृष्णवर्णीयांसाठी शिवी वापरली. त्यांच्याच राज्यातले सिनेटर जोसेफ गफी यांनी राजीनामा मागितला. खुर्ची काही हलली नाही.

फाइलमधलं सर्वात गाजलेलं प्रकरण फ्लोरिडातलं, टँपा शहरातलं. ऑक्टोबर १९३३ मध्ये व्हिक्टर लिकाटा या तरुणाने कुऱ्हाडीने आई-वडील, दोन भाऊ आणि बहिणीचा खून केला. तो गांजा ओढायचा, अशी बातमी झाली. त्याला वर्षभर आधीच मनोरुग्णालयात दाखल करण्याचा प्रयत्न पोलिसांनी केला होता. डॉक्टरांच्या तपासणीत गंभीर मानसिक आजार आढळला आणि कुटुंबातही अशा आजारांचा इतिहास होता. त्याच्यावर खटला चालला नाही, रवानगी मनोरुग्णालयात झाली. बातमीत मात्र गांजा तेवढा उरला.

जुलै १९३७ मध्ये 'अमेरिकन मॅगझिन' या लोकप्रिय मासिकात अ‍ॅन्सलिंगर यांचा लेख आला. सहलेखक होते कोर्टनी रायली कूपर. गांजा हा तरुणांचा मारेकरी आहे, असं शीर्षकच होतं आणि लिकाटाची गोष्ट त्यात होती.

यातली साखळी नीट बघा. खातं वर्तमानपत्रांना माहिती पुरवायचं. वर्तमानपत्रं ती छापायची. छापलेल्या बातमीची कात्रणं पुन्हा खात्याच्या फाइलमध्ये जायची आणि तीच काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, पुरावा म्हणून यायची. प्रेसनोटवर बातमी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं.

डॉक्टर हरले, पक्ष्यांचे दाणे जिंकले

केंद्र सरकारला गांजावर थेट बंदी घालणं सोपं नव्हतं. गुन्हे आणि पोलीस हा मुख्यतः राज्यांचा विषय. अर्थ खात्याच्या वकिलांनी पळवाट शोधली, ती कराची. १९३४ मध्ये मशीनगनवर असाच जबर कर बसवला होता. २९ मार्च १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि दोनच आठवड्यांत गांजा कराचं विधेयक काँग्रेसमध्ये आलं. नोंदणी केलेल्याला औंसामागे, म्हणजे साधारण २८ ग्रॅममागे, १ डॉलर कर. नोंदणी नसलेल्याला १०० डॉलर. कागदावर कर, प्रत्यक्षात बंदी.

सुनावणी एप्रिलच्या शेवटी सुरू झाली. हेम्पचं बी पाखरांच्या खाद्यात घालणारे व्यापारी धावत आले. हेम्प म्हणजे याच वनस्पतीचं दोर, कापड आणि तेलासाठी वापरलं जाणारं रूप. हे बी खाल्ल्याशिवाय कबुतरांची पिसं चमकत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. समितीने ती ऐकली. उगवणार नाही असं निर्जीव केलेलं बी कायद्यातून वगळलं. बियांचं तेल वगळलं. पक्व खोडाचा धागा वगळला.

४ मे रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे डॉ. विल्यम वुडवर्ड साक्षीला आले. ते डॉक्टरही होते आणि वकीलही. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. तुमचा सगळा आधार वर्तमानपत्रांवर आहे, असं त्यांचं म्हणणं. गांजामुळे किती कैदी तुरुंगात आहेत, याचे आकडे तुरुंग खात्याकडून आणलेले नाहीत. शाळकरी मुलं ओढतात म्हणता, तर बालकांच्या खात्याचा अहवाल नाही. डॉक्टर या औषधाला कॅनाबिस म्हणून ओळखतात. 'मारिवाना' हे रस्त्यावरचं नाव वापरल्यामुळे आपलंच औषध बंद होतंय, हे डॉक्टरांना कळलंसुद्धा नाही.

डेटा कुठे आहे, एवढंच ते विचारत होते. समितीने आकडे मागवले नाहीत, उलट वुडवर्ड यांचीच उलटतपासणी घेतली. पुढे सभागृहात एका सदस्याने विचारलं, की डॉक्टरांच्या संघटनेचं मत काय? समितीतले फ्रेड व्हिन्सन यांनी सांगितलं, की त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. ते साफ खोटं होतं. कुणी कसं मत दिलं याची नोंदही न होता विधेयक पुढे सरकलं. २ ऑगस्ट १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि १ ऑक्टोबरपासून कायदा लागू झाला.

त्याच आठवड्यात कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात ५८ वर्षांच्या सॅम्युएल कॉल्डवेल या बेरोजगार मजुराला गांजा विकल्याबद्दल पकडलं. शिक्षा झाली चार वर्षांची आणि वर १,००० डॉलर दंड. नव्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. डेन्व्हर हे नाव लक्षात ठेवा.

मग कंपन्यांनीच कट केला होता का?

इथे एक थांबा घेऊ, कारण ही गोष्ट एखाद्या फॉरवर्डमधून तुमच्यापर्यंतही आली असेल. थिअरी अशी : वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे कागदाच्या धंद्यात हितसंबंध होते. ड्यूपाँ कंपनीने नायलॉन शोधलं होतं. हेम्पपासून स्वस्त कागद आणि धागा बनला असता तर दोघांचं नुकसान झालं असतं. म्हणून दोघांनी अ‍ॅन्सलिंगर यांना हाताशी धरलं. १९८५ मध्ये जॅक हेरर यांच्या पुस्तकाने ही मांडणी घराघरात पोहोचवली.

ऐकायला चोख वाटते, पण जोड बसत नाही. हर्स्ट कागदाचे फार मोठे खरेदीदार होते. कागद स्वस्त झाला असता तर त्यांचं भलंच झालं असतं, आणि १९३७ मध्ये तर ते कर्जात बुडाले होते. नायलॉनची पहिली मोठी झेप रेशमी मोज्यांच्या बाजारात होती, दोरखंडात नाही. अमेरिकेतला हेम्पचा धंदा तेव्हा इतका छोटा होता, की त्याला मारायला कटाची गरज नव्हती.

हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनी गांजाबद्दल भडक बातम्या छापल्या, हे खरं. पण भीती विकली जाते, एवढं कारण त्याला पुरेसं आहे. कटाची थिअरी शोधता शोधता समोर पडलेली गोष्ट मात्र नजरेतून सुटते. पाखरांच्या खाद्याची सूट आणि कोका पानांची सूट दोन्ही गुप्त नव्हत्या. दोन्ही कायद्याच्या मजकुरात छापलेल्या होत्या.

आकडे बदलले, भूमिकाही बदलली

१९४२ मध्ये एक मजेशीर वळण आलं. जपानने फिलिपिन्स घेतलं आणि नौदलाला लागणाऱ्या दोरखंडाचा माल थांबला. लगेच अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांनी हेम्प पिकवावं म्हणून एक प्रचारपटच काढला. परवाने अर्थ खात्याकडूनच घ्यायचे होते. युद्ध संपलं, परवाने आटले.

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांना वर्तमानपत्रांतल्या गोष्टी पटत नव्हत्या. त्यांनी न्यूयॉर्क अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिसिनमार्फत अभ्यास करवला. १९४४ चा अहवाल म्हणाला, की गांजामुळे माणूस मोठ्या गुन्ह्यांकडे वळतो याला आधार नाही. अ‍ॅन्सलिंगर यांनी या अहवालाची जाहीर खिल्ली उडवली. खरं तर असा अभ्यास ५० वर्षांपूर्वी भारतात झाला होता. ब्रिटिश सरकारच्या १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेतल्या आणि बंदीऐवजी कर व परवाने सुचवले. १९३७ च्या कायद्याच्या दिशेवर त्या जाडजूड अहवालाचा काही परिणाम दिसत नाही.

अ‍ॅन्सलिंगर यांच्या मतांमधली एक कोलांटउडी सांगायलाच हवी. गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे जातो का, असं १९३७ च्या सुनावणीत त्यांना विचारलं होतं. तेव्हा ते नाही म्हणाले. १९५१ मध्ये कडक शिक्षांचा कायदा येत होता आणि गांजाने वेड लागतं, खून होतात हे कुणी फारसं मानत नव्हतं. तेव्हा तेच अ‍ॅन्सलिंगर म्हणाले, की गांजा हेरॉइनची पायरी आहे. हे कारण आजही प्रत्येक चर्चेत ऐकू येतं. १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची सक्तीची कैद आणली.

दुसरीकडे, काँग्रेसमधल्या एका बड्या सदस्याला मॉर्फिनचं व्यसन आहे हे कळल्यावर अ‍ॅन्सलिंगर यांनी त्याच्यासाठी एका औषधाच्या दुकानातून गुपचूप पुरवठ्याची सोय लावली. हे त्यांनी स्वतःच्या पुस्तकात, नाव न घेता, लिहिलं आहे. गायिका बिली हॉलिडे यांना मात्र त्यांच्याच खात्याने १९४७ मध्ये तुरुंगात पाठवलं. इथेही सूट होती, फक्त ती कायद्यात छापलेली नव्हती.

भारताची पानं

आपल्याशी या माणसाचा थेट संबंध येतो तो १९६१ च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारातून. गांजाला जगभर अफूच्या रांगेत बसवण्यासाठी अमेरिका कित्येक वर्षं धडपडत होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगावर अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅन्सलिंगर होते. भारताची अडचण उघड होती. शिवरात्रीची आणि होळीची भांग गुन्हा कशी ठरवायची?

तोडगा व्याख्येत निघाला. करारातला कॅनाबिस म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातली गांजाची व्याख्या हीच आहे. म्हणून गांजा बाळगला तर अटक, पण पानांच्या भांगेचा निर्णय राज्यांकडे, असा हा मामला आहे. कोलामुळे कोका पानांची सोय झाली, तशी परंपरेमुळे भांगेच्या पानांची.

खुर्ची सुटली, कायदा पडला

१९६२ मध्ये वयाची सत्तरी गाठल्यावर अ‍ॅन्सलिंगर निवृत्त झाले आणि अल्टूनाजवळच्या हॉलिडेजबर्गला जाऊन राहिले. त्यांचा १९३७ चा कायदा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. कर भरायला गेलात तर राज्याच्या कायद्याखाली स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागायचा. टिमथी लिअरी खटल्यात न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने नवा कायदा करून गांजाला सर्वात कडक यादीत टाकलं.

७ नोव्हेंबर १९७२ रोजी कॅलिफोर्नियात पहिल्यांदा गांजा मतपत्रिकेवर आला. दोन तृतीयांश लोकांनी नाही म्हटलं. अ‍ॅन्सलिंगर तेव्हा हयात होते. आयुष्याच्या शेवटी त्यांची दृष्टी गेली. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, ८३ व्या वर्षी, हृदय बंद पडून त्यांचं निधन झालं.

बातमीतला खलनायक बदलला

त्यानंतरचा प्रवास झपाट्याने सांगतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने वैद्यकीय गांजाला मतदानातून मान्यता दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्याने प्रौढांसाठी दार उघडलं. १ जानेवारी २०१४ रोजी, कॉल्डवेलला जिथे पकडलं होतं त्याच डेन्व्हरमध्ये, दुकानांबाहेर रांगा लागल्या. 'डेन्व्हर पोस्ट' ने तर गांजाच्या बातम्यांसाठी खास संपादक नेमला.

आणि मग आलं ओहायो. नोव्हेंबर २०१५ मधल्या तिथल्या 'इश्यू ३' या प्रस्तावात गांजा पिकवण्यासाठी १० ठरावीक जमिनी थेट राज्यघटनेतच लिहिल्या होत्या. त्यांचे मालक तेच गुंतवणूकदार, ज्यांनी प्रचाराला पैसा दिला. गायक निक लाशे, बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसन आणि माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या घराण्यातले लोक त्यात होते. बातम्यांचा सूर पूर्ण पालटला. आता कुऱ्हाडवाला तरुण नव्हता, गुंतवणूकदारांची यादी होती. आयुष्यभर कायदेशीर गांजाची बाजू घेणाऱ्यांनीही या प्रस्तावाला पाठ दाखवली.

विधिमंडळाने त्याच मतपत्रिकेवर मक्तेदारीविरोधी 'इश्यू २' ठेवला. मतपत्रिकेवर 'इश्यू ३' च्या शीर्षकात 'मोनोपॉली' हा शब्द छापला गेला. प्रस्तावाच्या बाजूचे लोक न्यायालयात गेले. वर्णनातला काही मजकूर दिशाभूल करणारा ठरला, पण शीर्षकातला तो शब्द कायम राहिला. सुमारे ६४ टक्के मतदारांनी 'इश्यू ३' फेटाळला. मक्तेदारीविरोधी प्रस्ताव निसटत्या बहुमताने पास झाला.

मक्तेदारीची तक्रार खरी होती, यात मला शंका नाही. पण ती सर्वात मोठ्या आवाजात मांडणाऱ्यांत असेही नेते होते ज्यांना गांजा कुठल्याच रूपात नको होता. बातमी देताना या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्या होत्या. अनेक ठिकाणी त्या एकत्र कालवल्या गेल्या. त्याच ओहायोत २०२३ मध्ये जमिनींची यादी नसलेला, घरी रोपं लावायची मुभा देणारा प्रस्ताव आला आणि ५७ टक्के मतांनी पास झाला.

मक्तेदारी रोखायचा कॅलिफोर्नियाचा उपायही बघण्यासारखा आहे. २०१६ च्या तिथल्या प्रस्तावाने मोठ्या शेतांना पाच वर्षं परवाना द्यायचा नाही असं ठरवलं, म्हणजे लहान शेतकऱ्यांना पाय रोवता येतील. पण २०१७ च्या अखेरच्या नियमांमध्ये एका मालकाने किती लहान परवाने गोळा करावेत यावर मर्यादाच घातली नाही. लहान परवान्यांची चळत लावली की मोठं शेत तयार. लहान शेतकऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २०१८ मध्ये बिअर विकणाऱ्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनडाच्या कॅनोपी ग्रोथमध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. त्याच वर्षी मार्लबोरो सिगारेटवाल्या अल्ट्रियाने क्रोनोसमध्ये १.८ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं.

आणि फ्लोरिडा, म्हणजे लिकाटाचं राज्य. तिथल्या वैद्यकीय गांजाच्या नियमानुसार जो पिकवतो त्यानेच प्रक्रिया करायची आणि त्यानेच विकायचं. एवढी सगळी साखळी उभारायला किती भांडवल लागतं हे लक्षात घेतलं, की २०२४ च्या प्रचाराचा खर्च एकाच कंपनीने का उचलला हे कळतं.

अ‍ॅन्सलिंगर यांच्या पेन्सिल्व्हेनियात नागरिकांना अशा मतदानाची मागणी करता येत नाही. तशी सोयच तिथे नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने वैद्यकीय गांजाला परवानगी दिली, तेव्हा पिकवणाऱ्यांसाठी जास्तीत जास्त २५ परवाने ठेवले. अ‍ॅन्सलिंगर यांची कागदपत्रं त्याच राज्यात, पेन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. कात्रणांसकट.